तुझ्या ताईचा उजवा गुडघा

चि. धाकटीस,

भावोजींचे मनापासून आशीर्वाद, पण ते चार ओळी थांबतील. आधी एक हिशोब वाच. तुझ्या ताईचा उजवा गुडघा: अकरा वर्षं, दर गुरुवारी तीन ते पाच मालिश, म्हणजे आजारपणं आणि लग्नकार्यं वजा जाता पाचशे चाळीसच्या आसपास खेपा. तीन ड्रायव्हर (पहिला तिला तिथं पोचवता पोचवता म्हातारा झाला). एक सोफा, जो तिला उठबस सोपी जावी म्हणून मी सुताराकडून चार बोटं उंच करून घेतला आणि त्यानंतर ज्यावर बसून आपल्या घरातल्या एकाही बाईचे पाय जमिनीला टेकले नाहीत. समुद्राकाठच्या दोन सहली आणि डोंगरातली एक, ज्या ‘तिला चालवणार नाही’ म्हणून मीच रद्द केल्या. आणि माझी काळजी, तिला मी दर लावत नाही. एवढं सगळं एका गुडघ्यावर. आता बेरजेखालची ओळ: त्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

तुला हे ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं हे मला गेल्या पंधरवड्यात कळलं. कसं कळलं ते सांगायलाच हे पत्र आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसली असतीस, किंवा रडली असतीस, आणि दोन्ही वेळेला मला माझं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं.

आता आशीर्वाद घे. तुझा खोकला कसा आहे? साडूसाहेबांचा रक्तदाब आणि आवाज, दोन्ही खाली आले का? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि मी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असूनही अजून चष्म्याशिवाय पेपर वाचतो हेही सांग.

मी ठीक आहे. कंपनी तुझ्या भाचीनं पूर्ण हातात घेतली. आज अकराशे लिफ्टा आपल्या देखभालीत आहेत, आणि मला कार्यालयात एक खोली आहे, तिच्यात एक टेबल आहे, त्याच्यावर काहीही येत नाही. सगळं झालंय गं. घर झालं, मुलीचं शिक्षण झालं, तिचं लग्न झालं, नातू झाला, सत्तरीचा सत्कार झाला, जीवनगौरवाची ढाल झाली (तीन किलो आहे, मी तोलून पाहिली). माणसानं आयुष्यात करायच्या गोष्टींची जी यादी असते तिच्यातलं एकही घर माझं रिकामं नाही. आणि चौदा महिन्यांपूर्वी तुझी ताई गेली, तेव्हापासून मी सकाळी उठतो, दाढी करतो, आणि मग दुपारचे चार वाजेपर्यंत काय करायचं हे मला समजत नाही. संध्याकाळ कशीही जाते. दुपार जात नाही.

तुझी भाची म्हणाली, “बाबा, आता जरा स्वतःसाठी काहीतरी करा ना.” मी म्हटलं, आजवर मग कुणासाठी करत होतो? दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या वर्गाची पावती माझ्या टेबलावर. (त्या टेबलावर आलेला तेवढा एकच कागद.) वर्गात आम्ही बाराजण, सगळे पांढऱ्या केसांचे, आणि मध्ये एका डुगडुगत्या स्टुलावर एक भोपळा. बाई म्हणाल्या, “जे दिसतंय ते काढा.” मला दिसत होतं की स्टुलाचा एक पाय आखूड आहे. मी उठलो, पुठ्ठ्याची पट्टी दुमडली आणि पायाखाली घातली. भोपळा पाऊणएक बोट सरकला, आणि अकराजणांनी तीन आठवडे खपून काढलेल्या सावल्या चुकल्या. मला अतिशय सभ्य शब्दांत दुसरा वर्ग सुचवण्यात आला. तो ध्यानाचा होता. तिथं डोळे मिटून शांतता ऐकायची असते. मी मिटले, ऐकू लागलो, आणि मला छताच्या पंख्याचं बेअरिंग ऐकू आलं. कोरडं पडलं होतं. महिन्या-दोन महिन्यांत जाम झालं असतं. मी तसं सांगितलं. गुरुजी म्हणाले, “विचार येतील, त्यांना जाऊ द्या.” विचार जाईल, पंखा कुठं जाईल? तो डोक्यावर येईल. तिथूनही मी मोकळा झालो. मग बागेत फिरणाऱ्या निवृत्त मंडळींत गेलो. तिथं प्रत्येकजण आपला मुलगा कुठल्या देशात आहे ते सांगतो आणि नंतर आपल्या हृदयात किती नळ्या आहेत ते. माझी मुलगी इथंच आहे आणि हृदयात एकही नळी नाही. मला बोलायला विषयच उरेना.

तूही म्हणशील, भावोजी, तुम्हाला तुमचंच काही कळत नाही. हे मात्र ऐकून घेणार नाही. मी तळघरातून सुरुवात केली. वयाच्या सोळाव्या वर्षी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून रुळांना ग्रीस लावत होतो. ज्याला कुणी ढकललं नाही, ओढलं नाही, जो स्वतःच्या हातानं वर आला, तो स्वतःला ओळखतो. मला माझ्याइतकं ओळखणारं माणूस अजून जन्माला यायचंय. माझे कान तर तुला माहीतच आहेत. केबिनच्या टपावर बसून कान दिला की कुठल्या दोराची कुठली तार तुटायला आलीय ते मी सांगू शकतो. शिवाय लिफ्टच्या शाफ्टमध्ये (म्हणजे ती ज्या उभ्या पोकळीतून वरखाली करते तिच्यात) सगळ्या मजल्यांचे आवाज उतरतात. पंचेचाळीस वर्षांत मी अशी भांडणं आणि असे समेट ऐकलेत की एखाद्याला दोन जन्म पुरतील.

तर मुद्द्यावर येतो. कार्यालयात काही काम नाही, म्हणून मी जुन्या तक्रार वह्या वाचत बसतो. त्यात एक इमारत सापडली: सहा मजली, जुनी, ओढायच्या जाळीच्या दारांची लिफ्ट. तक्रार एकच: लिफ्ट दुपारी मध्येच बंद पडते आणि पाचला आपोआप सुरू होते. अकरा वर्षं! सहा मेकॅनिक गेले, सहाही जणांनी लिहिलं, दोष आढळला नाही. मोटर बदलली, दोर बदलले, एकदा तर सगळ्या तारा बदलल्या. मी तारखा लावून पाहिल्या. सगळे गुरुवार. आता यंत्राला वार कळत नाही, एवढं तर तूही मानशील. मला चौदा महिन्यांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखं झालं. तुझ्या भाचीला न सांगता (तिनं मला शाफ्टमध्ये पाऊल टाकायला बंदी केली आहे, लेखी) मी गुरुवारी अडीच वाजता तिथं गेलो. वॉचमनला किल्ल्या दाखवल्या, केबिन पहिल्या मजल्यावर ठेवली, दुसऱ्या मजल्याचं दार उघडून टपावर उतरलो, दार लावून घेतलं, आणि टपावरच्या बटणानं इंचाइंचानं वर निघालो, कान देत. दोर उत्तम. रूळ उत्तम. तिसरा मजला हातभर राहिला, आणि लिफ्ट ठप्प.

दोष मला त्याच क्षणी कळला, आणि तो इतका साधा होता की मी टपावर बसल्या बसल्या लाजलो. जाळीच्या दाराची लिफ्ट कुठल्याही मजल्याचं दार बोटभर जरी उघडं राहिलं तरी हलत नाही, ती तिच्या सुरक्षेची सोय आहे. माझ्या डोक्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, कुणीतरी दार मुद्दाम बोटभर सरकवलं होतं. ते बंद होईपर्यंत टपावरची बटणंही मेली. ओरडता आलं असतं. पण विचार कर, अकराशे लिफ्टांचा धनी स्वतःच्या लिफ्टीवर अडकलाय म्हणून जिन्यात गर्दी जमली असती. मी गप्प बसलो. समोरच्या फ्लॅटचं दार वाऱ्यासाठी उघडं असावं, कारण आतलं बोलणं मांडीवर ठेवल्यासारखं स्पष्ट येत होतं.

सगळ्या बायका. सहा-सात. एक म्हणाली, “लावलंस का गं दार? नाहीतर दुसऱ्या प्रवेशात पुन्हा घरघर सुरू होईल.” दुसरी म्हणाली, “लावलंय, म्हणजे उघडलंय.” आणि तिसरी, जिचा आवाज शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखा होता (पुढं कळलं, ती निवृत्त मुख्याध्यापिकाच), म्हणाली, “ही युक्ती आपल्या गुडघेताईची. ती सांगायची, मेकॅनिक आधी मोटर बघतो, मग दोर बघतो. दार बघतच नाही. इतकं सोपं काही असेल यावर पुरुषांचा विश्वास नसतो.”

हे वाक्य माझं आहे. शेवटचा तुकडा सोडून. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी तुझ्या ताईला जेवताना लिफ्टची रचना समजावून सांगितली होती, भांडी मांडून. ती जांभई देत होती असं मला तेव्हा वाटलं होतं.

मी एक तास पन्नास मिनिटं तिथं बसलो. ऐकलं ते थोडक्यात लिहितो, कारण तुला सगळं पाठ आहे. त्या आठजणी अकरा वर्षं नाटकं करत होत्या. प्रयोग एकही नाही. तिकीट नाही, पाहुणे नाहीत, फोटो नाही. नियम असा की बघायला कुणी येऊ शकत नाही. खोलीत जो असेल त्यानं काम करायचं. (तू दोनदा आलीस तेव्हा तुला प्रेत केलं होतं आणि दुसऱ्या वेळी तू प्रेत असताना खोकलीस, हेही कळलं.) तुझ्या ताईकडं सगळी पुरुषांची कामं होती: राजा, न्यायाधीश, पोस्टमन, एक दारुडा. तिचा आवाज खर्जात फार छान लागायचा म्हणे. मी बेचाळीस वर्षं त्या आवाजाशेजारी जेवलो. मला पंख्याचं बेअरिंग ऐकू येतं. मालिशवालीची फी म्हणून नेलेले पैसे मिशा आणि जरीचे तुकडे घ्यायला जायचे. घरी लंगडायचं कुठल्या पायानं हे विसरू नये म्हणून ती त्या पायात जाड पैंजण घालायची. तो आवाज मी रोज ऐकला, आणि हौस म्हणून सोडून दिला.

तिथं कुणी एक नवीन बाई आली होती. तिनं विचारलं, “पण नवऱ्याला का नाही सांगितलं तिनं? मारकुटा होता का?” सगळ्या हसल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “छे गं, देवमाणूस. ती म्हणायची, यांना सांगितलं तर हे हॉल घेतील. उद्घाटनाला कुणीतरी मोठा माणूस आणतील. मला ढाल देतील. आणि मग मला ते चांगलं करावं लागेल.”

 

धाकटे, मी शपथेवर सांगतो, मी हॉलच घेतला असता. माझ्या डोक्यात तिथं टपावर बसल्या बसल्यासुद्धा आला होता: कुठला हॉल, किती खुर्च्या, कार्डावर काय छापायचं. ती गेलीय हे लक्षात यायला मला एक क्षण लागला. मग त्या तिच्या न आलेल्या एका गुरुवारबद्दल बोलल्या. माझा जीवनगौरव होता तो दिवस. मी व्यासपीठावर, ती पहिल्या रांगेत. पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी विचारलं, कसा झाला गं सत्कार? तर म्हणाली, “लांबला.”

आणि मला आठवलं, तिच्या शेवटच्या दिवशी सात अनोळखी बायका मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या तिच्याबरोबर मालिशला येणाऱ्या असाव्यात असं मी ठरवलं. मी त्यांच्याजवळ गेलो, हात जोडले आणि म्हटलं, “एवढे दोन जिने चढून आलात, गुडघे सांभाळा.” त्यातली एक फिस्सकन हसली, मग भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. मला वाटलं, बिचारीचा गुडघा फारच दुखत असावा.

पाच वाजता त्यांनी दार लावलं. मी केबिन खाली आणली, बाहेर आलो, कपडे झटकले, वॉचमनला सांगितलं की सगळं ठीक आहे. डोळ्यांत पाणीबिणी काही नाही. आमच्या धंद्यात ते चालत नाही, टप निसरडा होतो. घरी आलो आणि तिचं कपाट उघडलं. साड्यांखाली बिस्किटांचा डबा, डब्यात पंधरा मिशा. एक माझ्यासारखी आहे.

तर हे असं. तुझ्यावर रागावलोय हे कळावं म्हणून लिहिलं. प्रकृतीला जप, साडूसाहेबांना मीठ कमी दे.

तुझा,
भावोजी

ता. क. रागावलेलो नाही. खरं काम निराळं आहे. त्यांच्याकडं आता पुरुषांची कामं करायला कुणी नाही, आणि नवं नाटक ताई अर्धवट लिहून गेलीय, ते अडलंय, असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. तू मुख्याध्यापिकाबाईंना ओळखतेस. जरा शब्द टाकशील का? माझी मिशी स्वतःची आहे. वेळेवर येईन. हॉलचं नाव काढणार नाही. कुणी विचारलंच तर गुडघा दुखतो म्हणून सांगेन.

ता. क. २. वर पाणीबिणी नाही असं लिहिलंय ते खोडून टाकणार होतो, पण पान खराब होईल. काल तक्रार वहीत नवी नोंद आली. वॉचमननं फोन केला होता: ‘गुरुवारी पावणेपाचला शाफ्टमध्ये माणसाच्या हुंदक्यासारखा आवाज. कृपया तपासणे.’ तुझ्या भाचीनं दोन मेकॅनिक पाठवले. दोष आढळला नाही. तिनं नोंद वाचली, माझ्याकडं पाहिलं आणि वही मिटली. बंदी मात्र अजून उठवलेली नाही.

ता. क. ३. शब्द टाकू नकोस. हे पत्र आठ दिवस टेबलावर पडून होतं (शेवटी त्या टेबलावर काहीतरी होतं), आणि काल गुरुवार होता. मी जिन्यानं गेलो, घंटा वाजवली. मुख्याध्यापिकाबाईंनी दार उघडलं, मला नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाल्या, “या. चपला तिकडं. बघायला बसता येणार नाही, एवढं माहीत आहे ना?” म्हटलं, माहीत आहे. कसं माहीत, हे त्यांनी विचारलं नाही. मी डबा परत दिला. मग त्यांनी ताईची वही माझ्या हातात ठेवली. तिच्या अक्षरात. नाटकात एक गृहस्थ आहे, तळघरातून वर आलेला, फार बोलणारा, भला माणूस, घरात कुणीतरी गातंय हे ज्याच्या लक्षात येत नाही. त्याची चार पानं तिनं पुरी केली होती. मी म्हटलं, द्या इकडं, यात शिकायचंय काय? उभं राहून वाचलं. दुसऱ्या पानावर बाईंनी हात वर केला. “थांबा. तुम्ही फार मोठा माणूस करताय. ती असं करायची नाही. ती त्याला जरा घाबरलेला करायची.”

मी पुन्हा केलं. पुन्हा थांबवलं. चार वेळा.

म्हणून माझी विनंती एवढीच: तुला तिनं ते नक्की करून दाखवलं असणार. पुढच्या आठवड्यात दोन दिवस ये. सोफा खाली करून घेतलाय. मी कसा होतो, ते मला एकदा करून दाखव. हसलीस तरी चालेल.

तोवर मला शेजाऱ्याचं काम दिलंय. तो खिडकीत उभा असतो, त्याला वाक्य नाही. माझं काम त्यांच्यातल्याच एका दंतवैद्याच्या बायकोला दिलं. पहिल्याच वाचनात तिला जमलं.